रोबोच्या संगणकाची शिदोरी

‘घरी रोबो बनवा’ छापाच्या पुस्तिका चाके आणि मोटारींवर पानेच्या पाने खर्च करतात. संगणकाची वीज मात्र ‘त्याच बॅटरीला ७८०५ जोडा’ एवढ्यात उरकतात. आमचा आक्षेप येथेच आहे. १२ व्होल्टचे ५ करताना १ अँपिअर प्रवाहामागे ७ वॅट उष्णतेत जातात. संगणकाला उरतात ५. शिवाय मोटार सुरू होताना बॅटरीचा दाब घसरतो. तो सुमारे ७ व्होल्टखाली गेला, की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. घरातल्या फरशीवर हे खपेल. कचारगडच्या गुहेकडे जाणाऱ्या चढावर, जेथे मोटारी अधिक प्रवाह ओढतील, रोबो अडून बसेल. संगणकाला वेगळी बॅटरी आणि स्विचिंग रूपांतरक द्यावा, ऋण टोके एकत्र जोडावीत. त्याआधी मोटार सुरू होतानाचा दाब विद्यार्थ्यांकडून मल्टिमीटरने मोजून घ्यावा. पुस्तिकेत नसलेला धडा तोच आहे.