डॅशिएल हॅमेटचे गद्य

डॅशिएल हॅमेट (१८९४–१९६१) याच्या चर्चेत पिंकर्टन गुप्तहेर संस्थेतील त्याच्या नोकरीचा उल्लेख अटळपणे येतो. पण तो बहुधा कथावस्तूच्या अस्सलपणाचा दाखला म्हणून. वस्तुतः त्या नोकरीची खरी देणगी वाक्यरचनेची असावी. हेराने अहवालात पाहिले-ऐकले तेवढेच नोंदवायचे असते. संशयिताच्या मनात शिरण्याचा अधिकार त्याला नसतो.

‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९३०) या कादंबरीत हा निर्बंध कलातत्त्वाच्या पदवीस पोहोचतो. रात्री दूरध्वनीवरून भागीदाराच्या मृत्यूची वार्ता येते आणि स्पेड सिगारेट वळू लागतो. तंबाखू, कागद, बोटे, जीभ. प्रत्येक हालचालीला स्वतंत्र क्रियापद आहे, ‘वाटले’, ‘आठवले’ या जातीचे मात्र एकही नाही. हे दुःख म्हणावे की बेफिकिरी? मृताच्या पत्नीशी स्पेडचे असलेले संबंध पुढे उघड होतात, तेव्हा निर्णय अधिकच अवघड बनतो. आणि तो वाचकानेच करावयाचा आहे.

१९३४ नंतर हॅमेटची एकही नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. १९५१ साली एका जामीननिधीच्या देणगीदारांची नावे सांगण्याचे नाकारून त्याने कारावास पत्करला. या दोन मौनांची त्याच्या शैलीशी सांगड घालण्याचा मोह टाळलेला बरा. न लिहिणे, न सांगणे आणि लिहिताना गाळणे या भिन्न क्रिया होत.

रेमंड चँडलरने १९४४ च्या निबंधात हॅमेटचा गौरव केला. तथापि त्याच्या स्वतःच्या मार्लोला उपमांचा भारी सोस. पुढील अनुकरणकारांनी बहुधा हा सोसच उचलला. हॅमेटचा संयम क्वचितच.