धोक्याचा इशारा आणि प्रतिसादाचे उत्तरदायित्व : एक चिकित्सा

प्रस्तावना

तपकीर गल्लीची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ आणि फरासखाना पोलीस ठाणे ही दोन्ही पुण्याच्या बुधवार पेठेत आहेत. १० जुलै २०१४ रोजी या पोलीस ठाण्यालगतच्या वाहनतळावर मोटारसायकलमध्ये ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट होऊन काही जण जखमी झाले. ती मोटारसायकल साताऱ्यातून चोरीस गेलेली होती, हे तपासात उघड झाले. चोरी एका जिल्ह्यात झाली, वाहन दुसऱ्या जिल्ह्यात पोलिसांच्या दारात उभे राहिले. या दोन गोष्टींची गाठ स्फोटानंतरच पडली. विखुरलेली माहिती एका ठिकाणी आणावी व धोका आधीच ओळखावा, ही अपेक्षा अशाच प्रसंगांतून निर्माण होते. संगणकाच्या क्षेत्रात याच अपेक्षेतून केंद्रीकृत सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली पुढे आली. तथापि, माहिती एकत्र आली आणि इशाराही मिळाला, तरी कृती होईलच असे नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली आहे.

प्रणालीचे स्वरूप व तिच्या मर्यादा

या प्रणालीत संस्थेच्या प्रत्येक संगणकावर एक लहान प्रोग्रॅम बसविलेला असतो. तो त्या संगणकावरील घडामोडी मध्यवर्ती सर्व्हरला कळवितो. सर्व्हर त्यांची छाननी करून साधी सूचना, गंभीर व अतिगंभीर अशी प्रतवारी लावतो. येथे दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, ‘अतिगंभीर’ हा शेरा नियमांच्या आधारे यंत्राने दिलेला असतो. बाधित संगणकावर परीक्षेचे गुण आहेत की जुनी परिपत्रके, हे संस्थेने सांगितल्याशिवाय यंत्राला कळत नाही. दुसरी, पडद्यावर तेवढेच दिसते जेवढे कळविले जाते. त्यामुळे पडद्यावरील शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे. शिवाय दररोज शेकडो निरर्थक इशारे येऊ लागले की ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखी पाहणाऱ्याची अवस्था होते.

कॉसमॉस बँकेचे उदाहरण

१९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला सायबर हल्ला या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला होता. रक्कम काढण्याच्या मागण्या त्या स्विचनेच परस्पर मंजूर केल्या. खाती सांभाळणाऱ्या मूळ प्रणालीपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत. जी प्रणाली शिल्लक तपासून नकार देऊ शकली असती, तिलाच प्रश्न विचारला गेला नाही.

तो दिवस महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा होता. त्यानंतर सोमवारी, १३ ऑगस्ट रोजी, स्विफ्ट प्रणालीद्वारे सुमारे १३.९ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकूण हानी ९४ कोटींच्या पुढे गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते शनिवार आणि सोमवार यांमधील अंतर. एका मार्गावरील हल्ल्यानंतर दुसरे मार्ग तपासून होईपर्यंत बंद ठेवायचे, तर तसा निर्णय घेण्याचा अधिकार आधीच कोणाला तरी दिलेला असावा लागतो.

अन्य देशांतील दाखले

अमेरिकेतील टार्गेट या विक्रीसंस्थेत २०१३ च्या अखेरीस इशारा वेळेवर मिळाला होता. बंगळूरु येथील निरीक्षकांनी तो पाहिला आणि मिनियापोलिस येथील केंद्राला कळविला. परंतु कृती झाली नाही आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेत व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर बंद पडला. तो दिवस तेथील साप्ताहिक सुटीचा, शुक्रवार होता. न्यूयॉर्कहून आलेल्या पृच्छा वेळेत वाचल्या गेल्या नाहीत आणि ८.१ कोटी डॉलर गेले. एके ठिकाणी इशारा पाहणाऱ्याकडे अधिकार नव्हता, दुसरीकडे इशारा पाहणारेच कोणी नव्हते.

नियमांची चौकट

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सुरक्षा चौकट जाहीर केली. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना निदर्शनास आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक झाले. हे निर्देश स्वागतार्ह असले, तरी त्यांतील कालगणना घटना लक्षात आल्यावर सुरू होते. ज्या संस्थेत इशारा कोणी पाहतच नाही, तेथे ते सहा तास सुरूच होत नाहीत.

समारोप

महाविद्यालयांकडे विद्यार्थ्यांचे गुण, प्रवेश व शुल्क यांच्या नोंदी असतात. सुरक्षा सॉफ्टवेअर खरेदी करताना दरपत्रके मागविली जातात, त्यांची तुलना होते. परंतु इशारा कोणाच्या दूरध्वनीवर जाईल, दिवाळीच्या सुटीत तो कोण पाहील आणि प्राचार्यांची परवानगी येण्याची वाट न पाहता संगणक जाळ्यातून तोडण्याचा अधिकार कोणाला असेल, हे क्वचितच लिहून ठेवले जाते. वर्षातून एकदा, तेही सुटीच्या दिवशी, खोटा इशारा पाठवून प्रतिसादाचा वेळ मोजल्यास संस्थेची खरी स्थिती समोर येईल. या तालमीला नव्या खरेदीची गरज नाही. त्यासाठी जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तिला दिलेला अधिकार मात्र कागदावर लागतो.