निवांत रस्ता आणि त्याचें वर्णन

वाहनाचा विषय निघाला म्हणजे पुणतांब्याच्या माणसास चांगदेवाची आठवण होणें स्वाभाविक आहे. वाघावर बसून, हातीं सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांच्या भेटीस निघालेल्या त्या योग्याची समाधि आमच्या गांवीं गोदावरीच्या कांठीं आहे. आणि भिंतीवर बसून सामोऱ्या आलेल्या भावंडांपुढें त्याचा ताठा कसा उतरला, ही गोष्ट येथील मुलें बाळगुटीबरोबर ऐकतात. मला मात्र या भेटीच्या आधींची हकीकत अधिक महत्त्वाची वाटत आली आहे. पत्राच्या आरंभीं आशीर्वाद लिहावा कीं नमस्कार, याचा निर्णय न झाल्यामुळें चांगदेवानें कोराच कागद पाठविला, अशी आख्यायिका आहे. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून मराठीस पासष्ट ओव्यांचें एक रत्न मिळालें. कोऱ्या पानाचेंही वाचन करावें लागतें, हें टीकाकारानें या गोष्टीवरून शिकावयास हवें होतें. मी शिकलों नव्हतों, हें पुढील मजकुरावरून दिसेल.

माझा एक जुना विद्यार्थी सायकलीवरून हिंडत असतो. त्यानें गेल्या वर्षीं एक जाड वही माझ्याकडे आणून दिली. गोदेच्या कांठापासून प्रवरेच्या उगमापर्यंत, ज्या रस्त्यांवर मोटारींचा उपद्रव नाहीं अशा रस्त्यांचें वर्णन तींत होतें. ती छापावयाची होती आणि प्रस्तावना माझी हवी होती. वही चाळतां चाळतां राजूरच्या पुढें एक पान कोरें आढळलें. वरती एवढेंच लिहिलें होतें कीं, हा रस्ता मुद्दाम लिहिलेला नाहीं. मीं समासांत तांबड्या पेन्सिलीनें 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि वही परत केली. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासणाऱ्या हातास दुसरें काय सुचणार?

ज्या प्रकारांत ही वही मोडते, तो आपल्याकडे नवा आहे. त्याचें माहेर फ्रान्स. त्या देशांत सायकल म्हटली कीं बहुतेकांस १९०३ सालीं सुरू झालेली प्रदक्षिणेची शर्यतच आठवते. पण त्या शर्यतीच्या आधीं सोळा वर्षें, म्हणजे १८८७ सालीं, सेंतेत्येन या कोळशाच्या व कारखान्यांच्या गांवीं पॉल द व्हिव्ही नांवाच्या गृहस्थानें सायकलींस वाहिलेलें एक मासिक काढलें. 'व्हेलोसिओ' हें त्याचें टोपणनांव. डोंगराळ मुलुखांत शांतपणें हिंडण्यासाठीं सायकल आहे, ही कल्पना त्यानें जन्मभर लिहून रुजविली. चढ सुसह्य व्हावा म्हणून गिअर बदलण्याच्या युक्तीचा पुरस्कार त्यानें केला. शर्यतवाल्यांनीं ती युक्ति दुबळ्यांची म्हणून १९३७ पर्यंत दूर ठेविली. त्यानें प्रवाशांसाठीं कांहीं नियम सांगितले आहेत. भूक लागण्यापूर्वीं खावें, थंडी वाजण्यापूर्वीं अंगावर चढवावें, असे ते साधे. परंतु शेवटचा नियम असा कीं, मानापायीं कधींही पायडल मारूं नये. हा नियम प्रवासाचा खरा, पण लेखनालाही तंतोतंत लागू पडतो. १९३० सालीं हा माणूस आपल्याच शहराच्या रस्त्यांत ट्रॅमखालीं सांपडून मेला. डोंगरांतल्या वाटांनीं ज्यास कधीं दगा दिला नाहीं त्याचा घात शहरानें करावा, हा योग एखाद्या कादंबरीकारानें रचला असता तर आम्ही त्यास कृत्रिम म्हटलें असतें.

फ्रान्समधील दुसरी गोष्ट म्हणजे तेथील नकाशे. मिशलें या टायर करणाऱ्या मंडळीचे नकाशे पाहावे. रस्ता जेथें रमणीय आहे तेथें त्यास हिरवी कड काढलेली असते. चढ जसा तीव्र तसे एक, दोन किंवा तीन बाण. म्हणजे नकाशा केवळ माहिती देऊन थांबत नाहीं, तो अभिप्राय देतो. टायर झिजावेत ही मंडळीची इच्छा असणारच. तथापि ती हिरवी रेघ ओढणारा कोणी अज्ञात कारकून हा माझ्या मतें टीकाकारच होता. आपल्या सर्वेक्षण खात्याचे तक्ते उंचीच्या रेषांनीं भरलेले आणि अत्यंत विश्वसनीय असतात. पण कोठें थांबावें हें ते सांगत नाहींत. तें काम आपल्याकडे साहित्यानें करावयास हवें होतें.

साहित्यानें तें केलें काय? स्टीव्हन्सननें १८७८ सालीं सेव्हेनच्या डोंगरांतून बारा दिवस पायीं प्रवास केला आणि त्यावरचें पुस्तक पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध केलें. त्या पुस्तकाची सारी गोडी एका हट्टी गाढविणीच्या चालींत आहे. ती जेथें अडते तेथें चढ आहे, हें वाचकास वेगळें सांगावें लागत नाहीं. जमीन अंगाला लागली पाहिजे, मग ती स्वतःच्या असो कीं जनावराच्या. आमच्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या ग्रंथांतही हेंच घडतें. १९०७ सालीं तो छापला गेल्यापासून सारे लोक त्यांत झांशीच शोधतात. पण माझ्या मतें त्यांतील थोर भाग म्हणजे भटजी गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन घराकडे निघतात तो. त्या कावडीनें रस्त्याची लांबी मोजली जाते. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' (१९५७) या कादंबरींत नर्मदेचा कांठ तळपायांनीं कळतो. उलट अनंत काणेकरांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' (१९४०) घ्या किंवा पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) घ्या. दोन्ही पुस्तकें मला प्रिय आहेत, आणि दुसऱ्यानें तर मराठी घराघरांत परदेश आणून बसविला. परंतु दोन्ही लेखकांचें लक्ष माणसांकडे व शहरांकडे. मधला रस्ता त्यांस आगगाडी किंवा मोटार ओलांडून देते. त्यांत त्यांचा दोष नाहीं. दोष असेल तर नंतरच्या अनुकरणकारांचा, ज्यांनीं माणसांचा विनोदही सोडला आणि उपाहारगृहांची यादी मात्र ठेविली.

आणि खरें सांगावयाचें तर आपली परंपरा याहून जुनी आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' हें पुस्तक पंडितांखेरीज कोणी उघडीत नाहीं. चक्रधर जेथें जेथें उतरले, बसले, त्या त्या जागेची नोंद तींत आहे. देऊळ कोणत्या दिशेस, दार कोणीकडे, ओटा कोठें. वर्णनाचा डामडौल मुळींच नाहीं, आणि तरीही वाचतांना गांव डोळ्यांपुढें उभें राहतें. कारण लिहिणाराच्या मनांत एकच चिंता आहे, कीं मागून येणाऱ्यास जागा सांपडावी. मार्गवर्णनाची याहून चांगली कसोटी मला सांगतां येणार नाहीं.

आतां आपल्याकडे सायकलस्वारांची संख्या वाढली आहे. पॅरिसच्या १९०४ सालच्या ओडॅक्स मंडळानें घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणें दोनशें किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करणारी मंडळी पुण्या-नाशकाकडे आहेत. २०१७ सालीं श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनीं अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत एकेकट्यानें पुरी केली. हे पराक्रम आदरणीयच आहेत. पण या मंडळींपैकीं बहुतेकांचें लेखन वाचावें तर अंतर, उंची, वेळ, सरासरी! व्हेलोसिओचा शेवटचा नियम येथें रोज मोडला जातो. जमाखर्चाच्या वहीला प्रवासवर्णन म्हणण्याची पाळी वाचकावर यावी, ही सायकलीची चूक खास नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याच्या वहीचा पहिला गुण हाच कीं, ती या मोहांतून बव्हंशीं सुटली आहे. पुणतांबा सोडल्यावर तो पाटाच्या वाटा धरतो. नांदूर-मधमेश्वराहून आलेलें पाणी आमच्या शिवारांत शंभरांहून अधिक वर्षें खेळत आहे, आणि पाटकऱ्याच्या फेरीसाठीं झालेल्या वाटा सायकलीस अत्यंत सोयीच्या आहेत. गळिताच्या हंगामांत मुख्य रस्त्यांवर उसाच्या दुहेरी ट्रॉल्या चालतात तेव्हां तेथें जाऊं नये, असें तो बजावतो; आणि हें कोणत्याही नकाशांत नाहीं. पुढें लोणी, आश्वी, प्रवरेच्या कांठानें संगमनेर, मग अकोलें. ज्येष्ठांत पश्चिमेचा वारा छातीवर बसतो, म्हणून जातांनाचें अंतर वाऱ्यानें मोजावें आणि येतांनाचें मैलांनीं, हें त्याचें म्हणणें मीं स्वतः आश्वीपर्यंत पडताळून पाहिलें. पुढें मात्र मीं सायकल एका ओळखीच्या घरीं ठेवून एस. टी. धरली, वाचकांनीं हंसावें, माझी हरकत नाहीं.

विठा घाटाचें त्याचें वर्णन उत्तम आहे. काळी जमीन संपून तांबडी कोठें लागते, ऊस मागें राहून भाताचीं खाचरें कोठें सुरू होतात, हें तो बरोबर टिपतो. आणि ज्याच्या मांड्यांस चढ लागला आहे त्याच्याच नजरेस हें पडतें. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण, रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ, घाटघरचा कडा, जेथें देश एकाएकीं संपून खालीं कोंकण दिसतें, हे प्रसिद्ध भाग मात्र त्यानें पाठ्यपुस्तकी भाषेंत उरकले आहेत. 'निसर्गाची मुक्त उधळण' हा शब्दप्रयोग मीं सात वेळां मोजला. निसर्ग उधळीत असेल, लेखकानें उधळूं नये. त्याच मुलुखांत हिरडा वेंचणाऱ्या बायांबद्दल त्यानें चार ओळी लिहिल्या आहेत, त्या सात उधळणींहून मोलाच्या आहेत.

राहिलें तें कोरें पान. मीं शेरा मारल्यावर कांहीं महिने तो आला नाहीं. पुढें पावसाच्या तोंडावर, काजव्यांच्या दिवसांत, एका शनिवारीं मी कुटुंबासह भंडारदऱ्यास गेलों. काजवे झाडांवर होते. त्यांच्याखालीं मोटारींचे दिवे होते, गाणीं होतीं, आणि शेंडीपासून मागें गाड्यांची रांग लागली होती. माझीही गाडी त्या रांगेंतच होती. या सर्व लोकांस येथें कोणी आणलें? कोणीतरी लिहिलेल्या सुंदर वर्णनानेंच. स्टीव्हन्सनच्या वाटेवरही आतां त्याच्याच नांवानें आंखलेला मार्ग आहे आणि दरवर्षीं असंख्य लोक ती वाट चालतात. मात्र ते पायीं जातात, एवढा फरक आहे, आणि तो लहान नाहीं.

म्हणजे मार्गवर्णनापुढें असा पेंच आहे कीं, तें चांगलें साधलें तर त्याचा विषयच नाहींसा होतो. इतर कोणत्याही साहित्यप्रकारास ही भीति नाहीं. 'मेघदूत' कितीही वाचलें तरी रामगिरीवरचा ढग विरत नाहीं. यावर लिहूंच नये, असें माझें मत नाहीं. न लिहिलेला रस्ता सुरक्षित राहतो, ही भाबडी समजूत आहे. ज्या रस्त्याची कोणास आठवण नाहीं तो रुंद करतांना कोणास दुःखही होत नाहीं, आणि त्याच्या कडेचीं झाडें पाडतांना कोणी विचारीत नाहीं. आमच्या कोपरगांवच्या बाजूनें समृद्धि महामार्ग गेला, २०२२ सालीं त्याचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला. त्यावर दुचाकीस मज्जाव आहे, आणि त्याखालीं किती शिवाररस्ते वळले किंवा तुटले याची कोठेंही कोणी कथा लिहिली नाहीं. तेव्हां लिहिणें अवश्य आहे. पण असें लिहावें कीं, वाचून मोटारींत बसणारास तेथें जावेंसें वाटूं नये आणि चढ चढण्याची तयारी असणारास वाटावें. ठिकाणाची स्तुति कमी, वाटेची अधिक. विठा घाटाच्या प्रकरणांत माझ्या विद्यार्थ्यास तें साधलें आहे. भंडारदऱ्याच्या प्रकरणांत साधलेलें नाहीं, आणि त्या उणीवेची भरपाई त्यानें एक पान कोरें ठेवून केली आहे, असा माझा तर्क आहे.

तो तर्क मीं त्यास पत्रानें कळविला. उत्तर आलें, तें दोन ओळींचें. त्या रस्त्यावर एक पाडा आहे, तेथल्या माणसांनीं त्यास दोनदां जेवूं घातलें आणि कोणास सांगूं नका एवढेंच मागितलें, असें त्यानें लिहिलें होतें. म्हणजे माझा तर्कही चुकला. वही पुन्हां माझ्या टेबलावर आहे. समासांतला तांबडा शेरा खोडरबरानें नीट पुसला जात नाहीं. तो पुसून झाला म्हणजे प्रस्तावनेस आरंभ करावा, असा विचार आहे.