दायमाबाद उठले ते दुष्काळानेच का?

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तेथे सापडलेल्या धातूच्या ओतीव मूर्तींमुळे (बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा) ते जगाला माहीत झाले. जोर्वे संस्कृतीचे हे एक मोठे गाव होते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून त्या संस्कृतीला नाव मिळाले. इ.स.पू. १००० च्या सुमारास दायमाबाद ओस पडले. का? हवामान कोरडे झाले, पिके बुडाली, माणसे निघून गेली, असे उत्तर नेहमी दिले जाते.

हे उत्तर निराधार नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे आधीची मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा शिकारीवर भर वाढला. यावरून म. के. ढवळीकर यांनी हवामानबदलाची उपपत्ती मांडली. तिच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही आम्हाला तीन शंका वाटतात.

पहिली, इनामगाव आणि दायमाबाद दोन्ही पर्जन्यछायेत येतात. मग दायमाबाद उठल्यावरही इनामगाव सुमारे तीनशे वर्षे कसे टिकले?

दुसरी, झोपड्यांवरून दुष्काळ ठरवायचा आणि मग दुष्काळावरून झोपड्यांचे कारण सांगायचे, हा वर्तुळात फिरणारा तर्क झाला. साक्षीदार स्वतंत्र हवा. लोणार सरोवराच्या तळाचा गाळ असा साक्षीदार आहे. पाणी आटून खारट झाले की त्यात गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक बनतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गाळावरून दोन प्रदीर्घ कोरडे काळ दिसले : सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. दायमाबाद उठले सुमारे ३००० वर्षांपूर्वी; म्हणजे या दोहोंपैकी एकाही काळात नाही!

तिसरी शंका कालमापनाची. कार्बन-१४ पद्धतीच्या तारखांत अनेक दशकांची अनिश्चितता असते. शेतकरी मात्र लागोपाठच्या दोन-तीन नापिकींनीच मोडतो. असा लहान दुष्काळ त्या वेळी पडलाही असेल, पण एवढ्या ढोबळ मापाने तो पकडता येत नाही.

मग हवामानाचा संबंधच नाही काय? आहे, पण पाऊस केवळ प्रश्न विचारतो, उत्तर समाज देतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील गावे होरपळली, पण कायमची ओस पडली नाहीत. कारण दुष्काळी कामे निघाली, धान्य पोचले. हिवरे बाजारचा पाऊस शेजारच्या गावांहून वेगळा नाही. तेथे वेगळे आहे ते पाण्याचे नियोजन.

‘निसर्गाने संस्कृती संपवली’ एवढेच वर्गात सांगितले, तर आजच्या हवामानबदलापुढे विद्यार्थी हात टेकायला शिकेल. त्याऐवजी त्याला विचारावे : पाऊस सारखाच कमी झाला असता एक गाव का टिकते आणि दुसरे का उठते? आपल्याच गावातील वृद्धांकडून, विहिरींवरून आणि तालुक्याच्या पर्जन्यनोंदींवरून त्याला शोध सुरू करता येईल.