वाक मोजला, वाकवणे राहिले

एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दोन टोकांवर टेकवलेल्या आयताकृती तुळईचे सूत्र आहे. तुळईची खोली दुप्पट केली तर वाक एक-अष्टमांश होतो, रुंदी दुप्पट केली तर निम्मा. आकाराचे महत्त्व सांगणारे हे विवेचन आम्हाला आवडते. आमची तक्रार ते जेथे थांबते त्याविषयी आहे.

गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी लोखंडी पाइप वाकवून फाटकाची कमान करणाऱ्या कारागिराला विचारा. भार काढल्यावर पाइप सरळ झाला तर त्याचे काम फसले! त्याला वाक कायम राहायला हवा. सूत्र मात्र पूर्ववत होणाऱ्या वाकाचे आहे. प्रकरणाच्या स्वाध्यायात पोकळ खांब येतात, पण प्रश्न त्यांच्या दाबाचा आहे.

फरक किरकोळ नाही. सूत्रात धातूची ओळख म्हणजे केवळ यंगचा गुणांक. मऊ पोलादाचा आणि कठीण केलेल्या पोलादाचा हा गुणांक जवळजवळ सारखाच, सुमारे २०० अब्ज पास्कल. तरी दुसऱ्याची नळी वाकवताना घाम फुटतो, कारण कायमची विकृती सुरू होण्यास लागणारे प्रतिबल त्यात कितीतरी जास्त असते.

आकाराचा हिशेबही बदलतो. पातळ भिंतीच्या नळीची भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर लवचीक वाकाला होणारा विरोध सुमारे ८ पट होतो. कायम वाकवण्यास लागणारे आघूर्ण मात्र सुमारे ४ पट. शिवाय व्यासाच्या मानाने भिंत फार पातळ असेल, तर नळी वळण्याऐवजी चेपते. म्हणून कारागीर आत कोरडी वाळू ठासून भरतात. तेव्हा ‘किती जोर लागेल?’ याबरोबर ‘नळी गोल राहील का?’ हेही विचारावे लागते.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. फ्रिजदुरुस्तीच्या दुकानातून पाव इंची मऊ तांब्याच्या नळीचा तुकडा आणावा. विद्यार्थ्याने तो हळूहळू मोठ्या वळणात वाकवावा, मग सरळ करावा. सरळ करणे अधिक जड जाते. वाकवल्याने तांबे कठीण झाले. यंगचा गुणांक जवळपास तोच राहिला. सूत्राला न दिसलेला फरक हाताला कळला.

सूत्र चुकीचे नाही. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढे आपण वर्गात सांगायलाच हवे. नाहीतर गुण मिळवणारा विद्यार्थी कारागिरापुढे निरुत्तर होईल.