'सीमा उघडणार आहे' : एका वाक्याची तपासणी

विषय राजकारणाचा वाटेल, पण आम्ही तो आज भाषेचा म्हणून घेणार आहोत. एकच वाक्य घेऊ : "सीमा उघडणार आहे."

सीमा तुर्कस्तान आणि आर्मेनिया यांच्यामधली. लांबी तीनशे किलोमीटरहून थोडी जास्त. एप्रिल १९९३ मध्ये तुर्कस्तानने ती बंद केली. कराबाखच्या युद्धात आर्मेनियन फौजांनी अझरबैजानचा केल्बाजार जिल्हा घेतला होता, तिथले हजारो अझेरी लोक घरदार सोडून पळाले होते, आणि तुर्कस्तान अझरबैजानच्या पाठीशी उभा राहिला. म्हणजे बंद करण्यामागे कारण होते. ते आपण नाकारायचे नाही.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. आर्मेनियाला समुद्र नाही. शेजारी चार, त्यातले दोन दरवाजे बंद. उरले जॉर्जिया आणि इराण. ग्युम्री आणि कार्स या दोन शहरांमध्ये रेल्वेचे रूळ आहेत, गाडी नाही. तुर्की माल येरेवानच्या दुकानांत पोचत असे, पण जॉर्जियाला वळसा घालून. आणि बघा, इस्तंबूल-येरेवान विमाने मात्र अनेक वर्षे उडत होती. म्हणजे ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे, त्याला सीमा नाही. सीमेलगतच्या गावातल्या माणसाला आहे.

वर्गात आम्ही अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह शिकवत असू. वाक्यातून अर्थबोध व्हायला तीन गोष्टी लागतात, असे तिथे सांगितले आहे : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. ही कसोटी एका वाक्यातल्या पदांसाठी आहे. आम्ही ती राजकीय विधानांच्या मालिकेला लावतो आहोत, तेव्हा थोडी ओढाताण होणार. ती पदरात घ्या.

पहिली आकांक्षा. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे नुसते शब्द म्हटले तर वाक्य होत नाही. एका पदाला दुसऱ्याची गरज असते, ती भागावी लागते. १० ऑक्टोबर २००९ ला झुरिकमध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करारांवर सह्या केल्या. त्यात लिहिले होते की करार अमलात आल्यापासून दोन महिन्यांत सीमा उघडेल. ऐकायला केवढे ठाम! दोन महिने म्हणजे दोन महिने. पण "अमलात आल्यापासून" याला दुसऱ्या एका गोष्टीची आकांक्षा आहे : दोन्ही संसदांची मंजुरी. ती कोणत्याच संसदेने दिली नाही. आर्मेनियाने २०१० मध्ये प्रक्रिया थांबवली आणि मार्च २०१८ मध्ये करार रद्दच केले. मुदत ठरली होती. मुदत कधी सुरू होणार, हे ठरले नव्हते.

याच झुरिकची आणखी एक गोष्ट. सह्यांचा समारंभ तीन तासांहून अधिक लांबला. कशावरून? कराराच्या मजकुरावरून नव्हे, तर सह्यांनंतर कोण काय निवेदन वाचणार यावरून. शेवटी तोडगा निघाला की कोणीच काही बोलायचे नाही. आम्हाला ही घटना फार बोलकी वाटते. मजकुराचा अर्थ दोघांनी वेगळा लावला होता आणि दोघांनाही ते ठाऊक होते. बोलले असते तर ते उघडे पडले असते.

दुसरी योग्यता. विस्तवाने शिंपतो, हे व्याकरणाला चालते, अर्थाला चालत नाही. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या विशेष प्रतिनिधींनी ठरवले की जमिनीवरची सीमा तिसऱ्या देशाच्या नागरिकांसाठी "लवकरात लवकर" उघडायची. म्हणजे पुण्याचा पर्यटक पलीकडे जाईल, पण ग्युम्रीच्या बाईला कार्स दिसेल ते दुरूनच. शेजाऱ्यांमधले दार परक्यांसाठी उघडायचे, यात पहिले पाऊल म्हणून शहाणपण असेलही. पण त्याला "सीमा उघडणे" म्हणायचे का?

तिसरी संनिधी. "गाय" हा शब्द आत्ता म्हटला आणि "आण" एका प्रहराने, तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही. इथे प्रहरांचे सोडा. २००९ चे वाक्य आणि २०२२ चे वाक्य यांत तेरा वर्षे गेली. "लवकरात लवकर" म्हटल्यानंतरही वर्षे गेली. १९९३ साली जन्मलेले मूल या सगळ्या काळात मोठे झाले.

आता आक्षेप घेऊ. कोणी म्हणेल, "मुत्सद्देगिरीत संदिग्ध बोलावेच लागते. स्पष्ट बोलाल तर बोलणीच मोडतील." आक्षेप वजनदार आहे. २००८ साली तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला ग्यूल फुटबॉलचा सामना बघायला येरेवानला गेले, तेव्हा सगळे प्रश्न आधी स्पष्ट करायचे ठरवले असते तर ते गेलेच नसते. संदिग्धता वेळ मिळवून देते, हे मान्य.

पण संदिग्धता निराळी आणि सरकती अट निराळी. मे २००९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन बाकूला गेले आणि कराबाखवरचा ताबा सुटल्याशिवाय सीमा उघडणार नाही, असे सांगून आले. पाच महिन्यांनी झुरिकच्या करारांत कराबाखचा शब्दही नव्हता. अट एका राजधानीत सांगितलेली आणि कागदात न लिहिलेली. बरे, पुढे काय झाले? सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने संपूर्ण कराबाख ताब्यात घेतला. एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक काही दिवसांत तिथून निघून गेले. म्हणजे १९९३ ला पळाले ते अझेरी, २०२३ ला पळाले ते आर्मेनियन. दोन्हीकडचे दुःख सारखेच खरे. पण तर्काच्या दृष्टीने बघा : अट पुरी झाली, निष्कर्ष आला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांनी वॉशिंग्टनमध्ये शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली, त्या दिवशीही ही सीमा बंदच होती. जर अमुक तर तमुक, असे म्हणणाऱ्याने अमुक झाल्यावर तमुक केले नाही, तर दोनच शक्यता. एक तर ती खरी अट नव्हती, नाही तर ते वचन नव्हते. श्रोत्याने विचारायचा प्रश्न हाच.

शेवटी एक प्रसंग. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भीषण भूकंप झाला. ११ फेब्रुवारीला मदतीचे ट्रक आर्मेनियातून मार्गाराच्या पुलावरून पलीकडे गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. ना संसदेची मंजुरी, ना दोन महिन्यांची मुदत. पूल तोच होता, ड्रायव्हर होते, पलीकडे गरज होती. काही दिवसांनी दार पुन्हा लागले, हेही खरे. पण त्या दिवसानंतर "अजून शक्य नाही" हे वाक्य कोणाला पूर्वीसारखे म्हणता येणार नाही. शक्य आहे हे दिसले. उरते ती इच्छा.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : अशी विधाने ऐकताना नेता किती गोड बोलला हे मोजू नये. कोण जाणार, कधी जाणार आणि कशावर अडले आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर त्याला बातमी म्हणू नये.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.