चेहरा झाकून ऐकवलेला आवाज

जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीने चार्ली प्राइड या नव्या गायकाची पहिली रेकॉर्ड काढली. नव्या गायकाच्या रेकॉर्डबरोबर त्याचे छायाचित्र रेडिओ केंद्रांना पाठवण्याची रीत होती. प्राइडचे छायाचित्र मात्र पाठवले गेले नाही. गायक काळा होता आणि गाणे 'कंट्री' होते, म्हणजे गोऱ्या खेडुतांच्या मालकीचे समजले जाणारे.

कलेला जात नसते, असे सांगणाऱ्यांना ही हकीकत फार आवडते. आवाजाने वर्णावर मात केली, असा तिचा अर्थ ते लावतात. मला हा अर्थ खोटा वाटतो. आवाजाने मात केली होती, तर चेहरा लपवावा का लागला?

प्राइड १९३४ साली मिसिसिपी राज्यातल्या स्लेज गावी जन्मला. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारा; भावंडे अकरा. घरात रेडिओ होता आणि बाप शनिवारी रात्री नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम लावी. पोराचे गाणे तिथून आले. पुढे तो नीग्रो लीगमध्ये बेसबॉल खेळला, मग मोंटाना राज्यात धातू गाळण्याच्या भट्टीवर कामाला लागला. तिथल्या संघात खेळण्याचे दहा डॉलर आणि सामन्याआधी गाण्याचे आणखी दहा मिळत. नॅशव्हिलच्या चेट अ‍ॅटकिन्सने कंपनीच्या वरिष्ठांना आधी त्याची टेप ऐकवली. ती पसंत पडल्यावर गायकाचा रंग सांगितला. पहिल्या रेकॉर्डींवर नाव छापले 'कंट्री चार्ली प्राइड'. जणू नावाला दाखला जोडला!

हे गाणे गोऱ्यांचे ठरले कधी? बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातून अमेरिकेत आले. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन याद्या केल्या. काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्या खेडुतांसाठी 'हिलबिली'. सूर एकमेकांत मिसळलेले होते. विभागणी बाजाराने केली. ऑप्रीच्या आरंभीच्या लोकप्रिय कलावंतांत डीफर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकले. पुढे त्याने त्याच शहरात बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. आपल्याकडे महार-मांगांच्या फडांनी तमाशा जगवला. त्याचा गौरव 'लोककला' म्हणून होतो आणि हे लोक कोण, हे विचारणे असभ्य ठरते.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेची इथे आठवण होते. तिथे जात लपवणारा स्वतः नायक आहे, आणि उघडकीला आल्यावर मारही त्यालाच खावा लागतो. प्राइडच्या बाबतीत रंग लपवला कंपनीने. गाणे खपले तर नफा तिचा. उघडे पडल्यावर हजारो डोळ्यांसमोर उभे राहायचे ते मात्र गायकाने. १९६६ मध्ये डेट्रॉइटच्या मोठ्या सभागृहात नाव पुकारताच टाळ्या झाल्या, तो मंचावर आला आणि टाळ्या थांबल्या. त्याने आपल्या रंगाला कायमचा रापलेपणा म्हणून एक विनोद केला. लोक हसले, मग ऐकू लागले. हा विनोद मला सहजपणे हसण्यावारी नेता येत नाही. स्वतःच्या कातडीबद्दल आधी माफी मागितल्यासारखे बोलायचे, मग गायची परवानगी मिळते.

त्याच साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला, ज्याच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत आपण दलित पँथर हे नाव घेतले. म्हणून आपला कार्यकर्ता विचारील, की प्राइडच्या गाण्यात विद्रोह कुठे आहे? नाही. पहिले गाणे फसवल्या गेलेल्या नवऱ्याच्या सूडाचे, तेही दुसऱ्यांनी लिहिलेले. १९७४ मध्ये त्याने मिसिसिपीच्या कापूसगावावरचे गाणे म्हटले. त्यात वेचून दुखणारी बोटे आहेत, माती आहे. कापूस कुणाच्या मालकीचा, ते नाही. ही उणीव मी झाकणार नाही. पण गोऱ्यासारखा गातो, हा त्याच्यावरचा आक्षेप मला मान्य नाही. बापाच्या रेडिओवर जे ऐकले ते त्याचेही होते. त्याचा खर्जातला आवाज स्थिर आहे, शब्द स्वच्छ आहेत, आणि ऐकणाऱ्याला खूश करण्यासाठी तो सूर वाकवीत नाही. मंचावरच्या विनोदात जे झुकणे आहे, ते गाण्यात नाही. आपल्या तरुण समीक्षकांनी शब्दांतला नकार शोधताना एवढे तरी ऐकावे.

१९६६ च्या अखेरीपर्यंत त्याची पहिली मोठी तबकडी आली. तिच्या वेष्टनावर त्याचे छायाचित्र होते. आता ते लपवण्याची कंपनीला गरज उरली नव्हती. जानेवारी १९६७ मध्ये तो ऑप्रीच्या मंचावर गायला. बेलीला काढल्याला तेव्हा पंचवीस वर्षे उलटून गेली होती.